अँटेनाची शाकारणी कोण करणार?

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावे, ही कोकणातील शेतकऱ्याची पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. फुटके कौल बदलायचे, सरकलेले जागी बसवायचे, पन्हाळीत साचलेला पाचोळा काढायचा आणि मगच आगोटीच्या इतर कामांकडे वळायचे. या कामाचे कोणी उद्घाटन करीत नाही, की त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येत नाही. परंतु ज्या वर्षी ते राहून जाते, त्या वर्षी पहिल्याच सरीत माजघर गळू लागते, आणि तेव्हा घरधनी पावसाला दोष देत नाही. शाकारणी राहिली, असे तो स्वतःशीच कबूल करतो.

आज त्याच कौलांच्या वर, शाळांच्या गच्च्यांवर आणि ग्रामपंचायतींच्या इमारतींवर आणखी एक वस्तू उभी राहिली आहे. लोखंडी नळाच्या खांबाला बसविलेली पांढरी तबकडी किंवा पेटी आणि तिच्यापासून खाली उतरणारी काळी केबल. बिनतारी लहरींवरून गावात इंटरनेट आणणारी ही अँटेना. तिच्या उभारणीचे समारंभ होतात, फिती कापल्या जातात. मात्र तिची शाकारणी करायची असते हे कोणाच्या ध्यानातही नसते. या साध्या विसराळूपणामागे आपल्या सार्वजनिक व्यवहाराचा एक जुना दोष दडलेला आहे, आणि त्याकडे कार्यकर्त्यांचे लक्ष वेधावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पावसावर घेतलेला आळ

प्रस्तुत लेखकाचा ज्या एका छोट्या वाचनालयाशी संबंध आहे, तेथे असा एक दुवा उभा करण्यात आला होता. उन्हाळ्यात तो उत्तम चालला. मुले अर्ज भरू लागली, म्हातारी माणसे पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी येऊ लागली. पावसाळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात सारे ठप्प झाले. तक्रार नोंदविली तेव्हा पलीकडून उत्तर आले, "पावसामुळे आहे, पाऊस थांबला की सुरू होईल." पाऊस ओसरला, ऊन पडले, गणपती येऊन गेले, दुवा काही सुरू झाला नाही. अखेर गावातील एका जुन्या वायरमनने शिडी लावून वरचा जोड उघडला. आतील तांबे हिरवे पडले होते, आणि केबलचे खालचे टोक खोलीत सोडविल्यावर त्यातून पाण्याचे थेंब ठिबकले. पाणी वरून जोडात शिरले होते आणि केबलच्या आवरणाच्या आतून, नळातून यावे तसे, थेट टेबलावरील यंत्रापर्यंत पोचले होते.

येथे विज्ञानाची एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण अज्ञानाच्या आडोशाला बेजबाबदारपणा सुखाने नांदतो. गावोगावच्या अशा दुव्यांसाठी सामान्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. काही किलोमीटरच्या अंतरात पावसाच्या सरी या लहरींना फारशा अडवीत नाहीत. सुमारे १० गिगाहर्ट्झच्या वर गेल्यावर पावसाचा अडथळा खरोखर जाणवू लागतो. घरावरील दूरदर्शन संचाची डिश मुसळधार पावसात बंद पडते ती म्हणूनच. याचा अर्थ असा की, ५ गिगाहर्ट्झचा दुवा "पावसामुळे" आठवडेच्या आठवडे बंद असेल, तर दोष बहुधा आकाशातून पडणाऱ्या पाण्याचा नसतो. तो त्या पाण्याला आत वाट करून देणाऱ्या जोडाचा असतो, आणि जोड हा माणसाच्या हातचा असतो. दुष्काळ, पूर आणि रोगराई यांचे खापर निसर्गावर फोडून कारभारी मोकळे होतात, हे आपण अनेकदा पाहिले आहे. हा त्यातलाच एक लहानसा प्रकार.

टेपच्या एका गुंडाळीची गोष्ट

मग पाणी आत शिरते कसे? उन्हात तापलेल्या पेटीतील हवा प्रसरण पावते आणि फटीतून बाहेर पडते. अचानक सर येते, पेटी गार होते, आतील हवा आकसते आणि ज्या फटीतून हवा गेली त्याच फटीतून ती पेटी बाहेरचे पाणी ओढून घेते. म्हणजे उघड्यावर बसविलेली प्रत्येक पेटी आणि प्रत्येक जोड दिवसातून अनेकदा श्वास घेत असतो. ज्याला हे ठाऊक आहे, तो पेटीच्या तळाशी ठेवलेले निचऱ्याचे भोक कधी बुजवीत नाही. ज्याला ठाऊक नाही, तो "पक्के काम" म्हणून नेमके तेच भोक मसाल्याने बंद करतो आणि आत तळे साचवितो.

जोड झाकण्याची रीतही ठरलेली आहे. प्रथम जोड कोरडा व स्वच्छ पुसून घ्यावा. त्यावर साध्या टेपचा एक थर द्यावा, म्हणजे पुढे दुरुस्तीच्या वेळी तो सोडविता येतो. त्यावर ताणून गुंडाळली असता स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप लावावी, आणि तिचे उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून सर्वांत वर उन्हाला टिकणाऱ्या काळ्या टेपचा थर द्यावा. हा शेवटचा थर खालून वर गुंडाळत न्यावयाचा. प्रत्येक वरचा वेढा खालच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. कौले वळचणीपासून आढ्याकडे का रचीत नेतात हे ज्याला कळते, त्याला याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. वरून खाली गुंडाळलेली टेप म्हणजे उलटी रचलेली कौले, प्रत्येक वेढा पाण्याला आत येण्याचे आमंत्रण देणारा.

केबल भिंतीतून आत घेताना ती प्रथम भोकाच्या खाली झोळासारखी सोडून मग वर वळवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते. भिंतीतील भोकाला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा. शिर्क्यासारखा आंबट वास येणारा सिलिकॉनचा मसाला तांब्याच्या जोडाजवळ वापरू नये, कारण त्यातील आम्ल तांब्याला खाते. घरात वापरावयाची केबल बाहेर उन्हात टाकू नये. तिचे आवरण तडकते आणि मग टेप कितीही उत्तम असली तरी व्यर्थ. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात साधे लोखंडी खिळे-बोल्ट एकदोन पावसाळ्यांतच गंजून फुलतात. तेथे गरम जस्ताचा जाड मुलामा दिलेलेच सामान हवे. उंच खांबाला तीन दिशांनी ताणतारा हव्यात आणि दरवर्षी त्यांचा ताण तपासला पाहिजे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने, उंचावर उभ्या असलेल्या वस्तूंचे काय होते हे आपल्याला पुरेसे शिकविले आहे.

विजेची गोष्ट निराळी आणि अधिक गंभीर. थेट कोसळणाऱ्या विजेपुढे कोणत्याही छोट्या उपकरणाचा निभाव लागत नाही. पण जवळपास पडलेल्या विजेने केबलमध्ये उठणारी लाट जमिनीत वळविता येते. त्यासाठी खांबाला जाड तांब्याच्या तारेने अर्थिंग, केबलवर तडितरक्षक, आणि खांबाचे व इमारतीचे अर्थिंग एकमेकांना जोडलेले, या तीन गोष्टी लागतात. अँटेनाला लागणारी वीज बहुधा त्याच केबलमधून वर जाते. त्यामुळे अर्थिंग नसेल तर छपरावरील लाट केबलच्या वाटेने सरळ शाळेच्या वर्गातील संगणकापर्यंत उतरते. मराठवाड्यात आणि विदर्भात वळवाच्या दिवसांत विजा किती बळी घेतात, हे तेथील कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

शेवटी झाडांची गोष्ट. दोन अँटेना एकमेकींना दिसल्या म्हणजे झाले, असा समज आहे. तो अपुरा आहे. ५.८ गिगाहर्ट्झवरील पाच किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर सुमारे आठ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. तिचा निदान साठ टक्के भाग तरी अडथळ्यावाचून असावा, असा नियम आहे. उभारणीच्या वर्षी ठेंगणा असलेला आंबा पाच वर्षांत त्या मोकळ्या जागेत शिरतो, आणि ओली पाने तर लहरींना कोरड्या पानांहून अधिक शोषतात. म्हणजे एकदा उभारलेली अँटेना कायमची उभारली असे होत नाही. झाड वाढते, तार सैल होते, टेप झिजते, आणि दरवर्षी कोणीतरी वर जाऊन पाहावेच लागते.

एवढ्या साऱ्या उपचाराला लागणारा माल काही शे रुपयांचा आहे. तो वाचविल्यामुळे हजारो रुपयांचे यंत्र आणि शेकडो माणसांची सोय बुडते. तरीही तो वाचविला जातो. का?

वर चढणारा माणूस

याचे उत्तर त्या वाचनालयाच्या गच्चीवर पुढे मिळाले. दुवा दुरुस्त करावयास एक विशीतला मुलगा मोटारसायकलवरून आला. पाठीवरच्या पिशवीत पक्कड, थोडी केबल आणि साध्या टेपचे एक वेटोळे. कमरेला पट्टा नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही, पायांत चपला. रबरी टेपबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, ती आम्हाला मिळत नाही. घ्यायची तर आपल्या खिशातून." त्याला महिन्याचा पगार नव्हता. जोडणीमागे ठरावीक रक्कम. एका दिवसात जितक्या गच्च्या, तितके पैसे. पुन्हा यावे लागले तर त्या फेरीचे काही नाही. कंपनीने काम एका ठेकेदाराला दिलेले, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने या मुलाला. ओल्या कौलांवरून पाय घसरला तर तो कोणाचा कामगार ठरेल, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नव्हते.

येथे प्रश्नाचे मूळ आहे. अर्ध्या तासाचे काम पंधरा मिनिटांत उरकण्यावर ज्याची भाकरी अवलंबून ठेवली आहे, त्याने टेपचे तीन थर निगुतीने गुंडाळावेत ही अपेक्षा म्हणजे त्याची थट्टा आहे. काम निकृष्ट होते ते कामगार आळशी असतो म्हणून नव्हे. कामाची मोजणीच अशी ठरविली आहे की चांगल्या कामाचा भुर्दंड करणाऱ्यालाच बसावा. पहिला पाऊस येईपर्यंत टिकणारे काम आणि दहा वर्षे टिकणारे काम, दोहोंचा मोबदला एकच. या हिशेबात निष्काळजीपणा नफ्याचा ठरतो, आणि तो नफा त्या मुलाच्या हाती लागत नाही.

कायदा याविषयी मुका होता असेही नाही. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने बांधकामाची जी व्याख्या केली, तिच्यात पूल आणि धरणे यांच्याबरोबर "वायरलेस" हा शब्द स्पष्टपणे घातलेला होता. उभारणीच नव्हे, तर दुरुस्ती आणि देखभालही त्या व्याख्येत बसत होती. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली. या संहितेच्या व्याख्येतही हे काम आहे. पण दोन्हीकडे दहा कामगारांची अट आहे. साखळीच्या शेवटच्या टोकाला दोन-तीन मुले हाताशी धरून काम करणारा उपठेकेदार तिच्यातून अलगद निसटतो. कंत्राटी कामगारांच्या संरक्षणासाठी १९७० च्या केंद्रीय कायद्यात वीस कामगारांची मर्यादा होती. नव्या संहितेत ती पन्नास झाली. म्हणजे शब्दांत संरक्षण आहे, गच्चीवर नाही.

आकाश कोणाचे?

काही साथी विचारतील की, खेड्यातील माणसाचे पाण्याचे, रोजगाराचे प्रश्न बाजूला ठेवून हे अँटेनाचे पुराण कशासाठी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही दिले पाहिजे. इंटरनेट ही एके काळी चैन होती. आज राज्यसंस्थेने गरिबाच्या हक्काची दारेच त्यावर टांगली आहेत. शिधावाटप दुकानातील यंत्र अंगठा ओळखण्यासाठी जाळे मागते. ते नसेल तर "रेंज नाही, उद्या या" हे शब्द ऐकून मजुरी बुडवून आलेली बाई रिकाम्या पिशवीने परतते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील हजेरी मोबाइलवरून नोंदविण्याची सक्ती झाली, तेव्हा डोंगराळ भागातील मजुरांना काम करूनही हजेरीची चिंता वाहावी लागली. ही सक्ती योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र वाद आहे. परंतु ती असेपर्यंत, गळका जोड आणि बुडालेली मजुरी यांचा संबंध थेट आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात ध्वनिलहरी व प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. न्या. पी. बी. सावंत यांचे ते निकालपत्र प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे असे आहे. पुढे जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे विस्तृत पट्टे, शक्तीची मर्यादा पाळून, परवान्याशिवाय उघड्यावर वापरण्यास मोकळे झाले. गायरानावर गुरे चारायला कोणाची चिठ्ठी लागत नाही, तसे हे आकाशातील गायरान. पण गायरान मोकळे असून भागत नाही, त्याची राखण करणारे गाव लागते.

असे गाव उभे राहू शकते याचे दाखले आहेत. स्पेनमधील कॅटालोनियात, ओसोना या ग्रामीण भागात, कंपन्या सेवा देईनात म्हणून २००४ मध्ये लोकांनीच एकमेकांच्या छपरांवर अँटेना चढवून 'गिफी' नावाचे सामाईक जाळे सुरू केले. त्याची केंद्रे पुढे पस्तीस हजारांच्या वर गेली. आपल्याकडे तमिळनाडूत थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयाने लांब पल्ल्याच्या बिनतारी दुव्यांवरून खेड्यांतील रुग्णांची गाठ डॉक्टरांशी घालून दिली. त्या जाळ्याचा अभ्यास करणाऱ्यांनी २००८ मध्ये लिहून ठेवले की, बिघाडांचे मोठे कारण विजेचा वाईट पुरवठा हे होते, आणि स्थानिक कर्मचारी तरबेज झाल्यावाचून जाळे टिकत नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने दूरदर्शनच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरींवरून खेड्यांना जोडण्याचा प्रयोग केला. तिन्ही ठिकाणी धडा एकच. यंत्र बाहेरून आणता येते, त्याची निगा बाहेरून आणता येत नाही.

काय मागावे?

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले आणि त्यात दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद केली. उभारणीबरोबर देखभालीचा विचार झाला, हे स्वागतार्हच आहे. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ती देखभाल प्रत्यक्षात कोणाच्या हातांनी, कोणत्या वेतनावर आणि कोणत्या संरक्षणाखाली होणार, याचे उत्तर आराखड्यातून मिळत नाही. ते रस्त्यावरून विचारावे लागेल.

आमच्या मते मागण्या चार आहेत. पहिली, सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक अँटेनाच्या कंत्राटात पावसाळ्यापूर्वीची वार्षिक तपासणी बंधनकारक असावी, आणि तिचा दाखला ग्रामसभेपुढे वाचला जावा. दुसरी, जोडणीमागे मोबदला देण्याची पद्धत जाऊन या कामगारांना मासिक वेतन मिळावे. टेप, पट्टा, शिडी आणि शिरस्त्राण देण्याची जबाबदारी मूळ कंपनीची असावी. तिसरी, ज्या कंपनीच्या नावाने अँटेना बसते, तीच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरली जावी, मग मध्ये ठेकेदारांच्या कितीही पायऱ्या असोत. चौथी, तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हे काम शिकविले जावे आणि त्या त्या गावच्या मुलामुलींनाच ते मिळावे. त्या जुन्या वायरमनला जे अनुभवाने कळले, ते नव्या पिढीला अपघाताने कळण्याची वाट पाहू नये.

कार्यकर्त्यांना मात्र मागणीवर थांबता येणार नाही. आपल्या गावातील शाळेवर, पंचायतीवर, वाचनालयावर अशी अँटेना असेल तर रोहिणी संपण्यापूर्वी तिची चौकशी करावी. टेप खालून वर गुंडाळली आहे काय, केबलला झोळ आहे काय, अर्थिंगची तार तुटलेली तर नाही, समोरचे झाड किती वाढले, हे प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही. आणि वर चढणारा मुलगा आला, तर त्याला पाणी देऊन आणखी एक प्रश्न विचारावा : "तुझी मजुरी कोण देतो?" त्या उत्तरापासून गावोगावी संघटनेचे काम सुरू होऊ शकते. वाचनालयातील दुवा आता चालू आहे. पैसे आम्ही वर्गणीतून काढले, टेप वायरमनने आणली आणि गुंडाळली त्या मुलाने, तीनही थर, खालून वर. त्याला घाई नव्हती, कारण त्या दिवसाची मजुरी त्याला वेळेच्या हिशेबाने मिळाली होती.